घटक ४ : शेतकरी आणि शासन – कृषिधोरणाच्या भाषेतून दिसणारे बदलते नाते

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• शेतीच्या संदर्भात शासनाची भूमिका गेल्या दोन शतकांत कशी बदलत गेली, हे टप्प्याटप्प्याने सांगता येईल.
• रयत, कूळ, सभासद, लाभार्थी यांसारख्या शब्दांमागील संबंधांचे विश्लेषण करता येईल.
• हमीभाव, उत्पादन खर्च, उंबरठा उत्पादन, कर्जमुक्ती या संज्ञांचा व्यवहारातील नेमका अर्थ स्पष्ट करता येईल.
• शासकीय आदेशातील वाक्यरचना तपासून त्यातून कोणाला कोणती जबाबदारी व कोणता हक्क मिळतो, हे ओळखता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रशासनाची भाषा रुक्ष असते, ती कार्यालयापुरतीच असते, असा समज सर्वत्र आढळतो. शेतकरी कुटुंबांचा अनुभव वेगळा आहे. सातबारा, पीक कर्ज, पंचनामा, पैसेवारी, हमीभाव हे शब्द खेड्यातील घराघरांत रोज उच्चारले जातात. तुमच्यापैकी अनेक जण स्वतः शेती करीत असतील, बाजार समितीत, सेवा सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत काम करीत असतील. त्यांच्या तर हे शब्द अंगवळणी पडलेले असतात. परिचित शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे असे मात्र आपण गृहीत धरतो आणि नेमकी तेथेच फसगत होण्याची शक्यता असते.

कृषिधोरण म्हणजे शेतीच्या बाबतीत शासनाने काय करावे आणि काय करू नये, याविषयीचे निर्णय. हे निर्णय कायद्यांतून, आदेशांतून आणि योजनांतून, म्हणजेच अखेर शब्दांतून व्यक्त होतात. शासनाची भूमिका बदलली की नवे शब्द येतात, जुने शब्द नवा अर्थ घेतात आणि काही शब्द मागे उरतात. म्हणून शब्दांचा मागोवा घेत आपण या धोरणाचा इतिहास पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ वसूल करणारे शासन : रयत, सारा आणि कागद

‘रयत’ हा शब्द मूळ अरबी. त्याच्या मुळाशी राखणीखालच्या कळपाची कल्पना आहे; त्यावरून तो प्रजेसाठी आणि पुढे जमीन कसणाऱ्या प्रजाजनासाठी रूढ झाला. राखणारा आणि राखला जाणारा हे नाते या शब्दातच गुंफलेले आहे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत आली. तीत शासन आणि शेतकरी यांच्यामध्ये जमीनदार नव्हता. प्रत्येक खातेदाराचा सारा थेट सरकारात जमा होई. सुरुवातीची आकारणी जड ठरल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली आणि सारा तीस वर्षांसाठी ठरवण्याची पद्धत पडली.

या व्यवस्थेत शासनाचे मुख्य काम वसुलीचे होते. सारा रोखीने द्यायचा असल्याने शेतकरी सावकाराकडे वळे आणि खत लिहून देई. जे लिहून दिले ते त्याला वाचता येत नसे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा सुरू झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराजवळच्या कागदांवर होता. खते आणि रोखे हिसकावून जाळण्यात आले. भाषेच्या अभ्यासकाने या घटनेकडे अवश्य लक्ष द्यावे. आपल्याला बांधून ठेवणारी गोष्ट एक लिखित मजकूर आहे, हे निरक्षर शेतकऱ्याने अचूक ओळखले होते. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा झाला. त्यात न्यायालयांना कर्जव्यवहाराच्या मुळाशी जाऊन चौकशी करण्याचा अधिकार मिळाला आणि दस्तऐवज गावपातळीवरील निबंधकासमोर लिहिण्याची तरतूद झाली.

याच काळात शासनाने कर्ज देण्याची जबाबदारीही अंशतः स्वीकारली. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी जमीनसुधारणेसाठी व बी-बियाणे, बैल यांसाठी सरकारी कर्जाची सोय केली. त्यासाठी रूढ झालेला शब्द ‘तगाई’. त्याचे अरबी मूळ बळ देणे या अर्थाचे आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ मध्येच लिहिला. पोलीस व लष्करातील रिकाम्या मनुष्यबळाकडून सरकारने ताली-बंधारे बांधून घ्यावेत, असे त्यांनी त्यात सुचवले. शासनाने केवळ वसूल न करता शेतीत भांडवल व श्रम घालावेत, ही मागणी मराठी गद्यात इतक्या स्पष्टपणे मांडणारा हा आरंभीचा ग्रंथ आहे.

४.३.२ आणेवारी, पैसेवारी आणि ‘दुष्काळसदृश’

सारा घ्यायचा तर पीक किती आले हे ठरवावे लागते. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, असे मानून प्रत्यक्ष पीक किती आणे आले हे काढण्याच्या रीतीला ‘आणेवारी’ म्हणत. १९५७ मध्ये दशमान नाणेपद्धती आली आणि ‘आणेवारी’ची ‘पैसेवारी’ झाली. आता पूर्ण पीक शंभर पैशांचे धरतात आणि अंतिम पैसेवारी पन्नास पैशांहून कमी आली की गाव टंचाईच्या सवलतींच्या कक्षेत येते. चलनातून आणा कधीच गेला. गावच्या बोलण्यात मात्र ‘आमच्या गावची आणेवारी’ हा प्रयोग अजूनही ऐकू येतो. वस्तू जाते आणि शब्द उरतो, या भाषिक नियमाचे हे ठळक उदाहरण आहे.

येथे वर्गीकरणाचा शब्द किती महत्त्वाचा असतो, ते पाहा. ‘टंचाई’, ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ आणि ‘दुष्काळ’ हे शब्द सामान्य वाचकाला जवळजवळ सारखे वाटतात. प्रशासनात त्यांतून वेगवेगळी कर्तव्ये निघू शकतात. ‘सदृश’ म्हणजे सारखा दिसणारा. जे सारखे दिसते ते तेच असते असे नाही, एवढी पळवाट या प्रत्ययवजा शब्दात आहे. २०१६ मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात राज्य शासनाने सुमारे २९ हजार गावांच्या बाबतीत ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, अशी भूमिका घेतली. आभाळ तेच होते, विहिरी त्याच कोरड्या होत्या. बदलला तो शब्द आणि त्या शब्दाबरोबर येणारे उत्तरदायित्व.

४.३.३ घडवणारे शासन : कूळ, सभासद आणि हायब्रीड

स्वातंत्र्यानंतर शासनाने शेतीची रचनाच बदलण्याचे काम अंगावर घेतले. १९४८ च्या कूळकायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी पात्र कूळ हे कसत असलेल्या जमिनीचे मालक मानले गेले. ‘कसेल त्याची जमीन’ या तीन शब्दांच्या घोषणेत व्याकरणाचे मोठे सामर्थ्य आहे. ‘कसेल’ या क्रियापदामुळे मालकीचा आधार वंश किंवा दस्त न राहता प्रत्यक्ष कृती हा ठरतो.

याच सुमारास सहकाराची चळवळ वाढली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि राज्यभर त्याचे अनुकरण झाले. शासनाने भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली. या व्यवस्थेत शेतकऱ्याला मिळालेले नाव ‘सभासद’ होते. सभासद म्हणजे सभेत ज्याला बसण्याचा, बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार आहे तो. व्यवहारात हा अधिकार नेहमी बजावता आला असे नाही, पण शब्दाने तो मान्य केला होता.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेचा मोठा विस्तार झाला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे स्थापन झाली. संकरित बियाण्यांचा प्रसार झाला. शासकीय पत्रकांनी ‘संकरित ज्वारी’ हा शब्द दिला. लोकांनी ‘हायब्रीड’ हाच शब्द उचलला. पुढे ‘हायब्रीडची भाकरी’ म्हटले की ज्वारीचा उल्लेख करण्याचीही गरज उरली नाही. विशेषणाचे नाम झाले. जुन्या वाणाला आता ‘गावरान’ म्हणून वेगळे ओळखावे लागते, हाही त्याच प्रक्रियेचा परिणाम आहे.

• स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १
‘रयत’, ‘कूळ’ आणि ‘सभासद’ या तीन शब्दांतून शासन व शेतकरी यांचे कोणते तीन संबंध सूचित होतात? प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.

४.३.४ भाव ठरवणारे शासन : हमी कोणाची, खर्च कोणता?

उत्पादन वाढले की भावाचा प्रश्न उभा राहतो. १९६५ मध्ये केंद्र शासनाने कृषी मूल्य आयोग नेमला. १९८५ पासून तो कृषी खर्च व मूल्य आयोग म्हणून ओळखला जातो. त्याच्या शिफारशीवरून शासन काही निवडक पिकांसाठी ‘किमान आधारभूत किंमत’ जाहीर करते. ही संज्ञा लोकांनी स्वीकारली नाही. त्यांनी ‘हमीभाव’ हा सुटसुटीत सामासिक शब्द घडवला आणि तोच वृत्तपत्रांत, भाषणांत, बाजारात रुळला.

दोन्ही शब्दांची तुलना करा. ‘आधारभूत’ म्हणजे टेकू देणारी. ‘हमी’ म्हणजे खात्रीचे वचन. शासनाने टेकू जाहीर केला आणि लोकांनी त्यात वचन वाचले. वस्तुस्थिती अशी की, या किमतीला शासकीय खरेदी झाली तरच ती शेतकऱ्याच्या हाती पडते; सर्व पिकांसाठी व सर्व व्यापाऱ्यांना ती बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा नाही. कांद्यासारखे पीक तर या यादीतही नाही. याउलट उसाच्या दराला ‘रास्त व किफायतशीर दर’ असे म्हणतात. या नावात हमी हा शब्द कोठेही नाही, तरी ऊस नियंत्रण आदेशामुळे त्याला कायद्याचे बळ आहे आणि ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर आहे. ज्या शब्दात हमी आहे तेथे कायदा नाही आणि जेथे कायदा आहे त्या शब्दात हमी नाही. संज्ञेचा अर्थ तिच्या घटकशब्दांवरून ठरवू नये, तिच्यामागील तरतुदीवरून ठरवावा, हा धडा येथे नीट लक्षात ठेवावा.

‘उत्पादन खर्च’ ही संज्ञाही अशीच फसवी आहे. आयोग खर्च वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतो. पहिल्या पद्धतीत बियाणे, खते, मजुरी, इंधन असा प्रत्यक्ष केलेला खर्च येतो. दुसरीत त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवतात. तिसऱ्या, सर्वांत व्यापक पद्धतीत स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरले जाते. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने खर्चाच्या किमान दीडपट भावाची शिफारस केली. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली, तेव्हा दीडपट कशाच्या, हा वाद उभा राहिला. शासनाने दुसऱ्या पद्धतीचा खर्च धरला. शेतकरी संघटनांनी तिसऱ्या पद्धतीचा आग्रह धरला. ‘दीडपट’ या शब्दाविषयी मतभेद नव्हता, मतभेद ‘खर्च’ या शब्दाविषयी होता.

शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या सुमारास चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी संघटनेचा आवाज वाढला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही या चळवळीची घोषणा. अनुदानाऐवजी मोबदला हवा, हा तिचा आशय. ‘भीक’ आणि ‘दाम’ या दोन शब्दांनी शासन-शेतकरी नात्याची दोन परस्परविरोधी चित्रे उभी केली. शासनाने शेतकऱ्याला देणे आणि शासनाने शेतकऱ्याकडून घेणे थांबवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे या विचाराचे सूत्र होते. निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा आणि सक्तीची लेव्ही यांमुळे भाव पाडले जातात, असा त्याचा दावा होता. या मताशी सर्व अभ्यासक सहमत नाहीत. शासकीय खरेदी आणि सिंचनातील गुंतवणूक यांशिवाय कोरडवाहू शेतकरी बाजारात टिकणार नाही, असे मानणारा मोठा प्रवाह आहे. तुम्ही दोन्ही बाजूंची मांडणी वाचावी.

४.३.५ मागे सरणारे आणि खात्यात उतरणारे शासन

१९९१ नंतरच्या आर्थिक धोरणात ‘मुक्त’ हा शब्द वारंवार येऊ लागला. महाराष्ट्रात १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना कालांतराने संपली. १९६३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या बाजार समित्यांची चौकट सैल होत गेली आणि २०१६ मध्ये राज्यात फळे व भाजीपाला यांची ‘नियमनमुक्ती’ झाली. अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. एके काळी रुमालाखाली बोटे दाबून होणारा भाव उघड लिलावात यावा म्हणून नियमन आले होते. आता नियमनापासून मुक्ती हेच धोरण झाले. २०२० मध्ये केंद्राने तीन कृषी कायदे केले आणि दीर्घ आंदोलनानंतर २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते रद्द झाले. शासनाने मागे सरावे की सरू नये, हा प्रश्न त्यामुळे मिटला नाही, खुलाच राहिला.

दुसरीकडे शासन नव्या वाटेने शेतकऱ्यापर्यंत येऊ लागले. रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. राज्याने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी या नावाने तेवढीच भर घातली. एकाच लाभाच्या दोन नावांत ‘किसान’ आणि ‘शेतकरी’ हे दोन शब्द शेजारी नांदतात; त्यांवरून केंद्राची योजना कोणती आणि राज्याची कोणती, हे ओळखता येते.

कर्जाच्या बाबतीतील नावे अधिक बोलकी आहेत. २००८ च्या केंद्रीय योजनेच्या नावात ‘कर्जमाफी’ होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला आणि २०१९ च्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’. माफी अपराध्याला मिळते. मुक्ती बंधनात पडलेल्याला मिळते. कर्ज फिटू न शकणे हा शेतकऱ्याचा दोष की व्यवस्थेचा, या प्रश्नाचे उत्तर शब्दाच्या निवडीतच दडलेले असते. अर्थात नाव बदलल्याने निकष बदलतातच असे नाही. मर्यादा, मुदत आणि अपात्रतेची यादी वाचल्याशिवाय योजनेचे मोल कळत नाही.

या टप्प्यावर शेतकऱ्याला मिळालेले नाव ‘लाभार्थी’ हे आहे. ‘अर्थी’ म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्या मागणारा तो विद्यार्थी, तसा लाभ मागणारा तो लाभार्थी. सभासदाला मत असते, लाभार्थ्याला पात्रता असते. हा फरक लहान नाही.

४.३.६ उंबरठ्याचा हिशेब

पीक विम्यातील ‘उंबरठा उत्पादन’ ही संज्ञा उदाहरणादाखल तपासू. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गेल्या सात वर्षांपैकी सर्वाधिक उत्पादनाच्या पाच वर्षांची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. समजा, एखाद्या महसूल मंडळात सोयाबीनची अशी सरासरी हेक्टरी १० क्विंटल आहे आणि जोखीमस्तर ७० टक्के आहे. मग उंबरठा ७ क्विंटलचा झाला. पीक कापणी प्रयोगांत मंडळाचे उत्पादन ५.६ क्विंटल निघाले, तर तूट १.४ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा संरक्षित रकमेच्या २० टक्के भरपाई देय होते. मंडळाचे उत्पादन ७.२ क्विंटल निघाले, तर या तरतुदीखाली काहीही देय होत नाही, मग एखाद्याच्या शिवारात दोनच क्विंटल झाले असले तरी. ‘माझे पीक गेले, मग विमा का नाही?’ या प्रश्नाचे मूळ येथे आहे. बोलण्यात ‘माझे उत्पादन’ असते, कागदावर ‘क्षेत्राचे उत्पादन’ असते. घराच्या उंबरठ्याची आपल्या मनातील प्रतिमा आपलेपणाची आहे. हा उंबरठा मात्र गावकीचा आहे.

४.३.७ आदेश कसा वाचावा?

आता आपण पुढील तीन नमुना-वाक्ये पाहू. ती अभ्यासासाठी रचलेली आहेत.

(अ) बाधित शेतकऱ्यांना मदत देण्यात येईल.
(आ) तहसीलदारांनी तीस दिवसांच्या आत मदतीची रक्कम जमा करावी.
(इ) शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मुदतीत स्वतः करावी. अन्यथा तो लाभास पात्र राहणार नाही.

पहिल्या वाक्यात कर्ता नाही आणि काळमर्यादाही नाही. कोण देणार, केव्हा देणार, हे विचारण्यास जागाच उरत नाही. दुसऱ्यात कर्ता आहे, मुदत आहे. म्हणून दाद मागता येते. तिसऱ्यातही कर्ता आणि मुदत आहेत, मात्र कर्ता शेतकरी आहे आणि चूक झाल्यास परिणामही त्यालाच भोगावा लागतो. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने करावयाची पिकाची नोंद आता शेतकऱ्याने भ्रमणध्वनीवरून करावयाची आहे. नोंद आपल्या हाती आली, हा यातील लाभ. जबाबदारीही आपल्या हाती आली, हे त्याचे दुसरे अंग. वाक्यातील कर्ता बदलला की व्यवस्थेतील भार कोणाच्या खांद्यावर गेला, हे असे उघड होते.

म्हणून कोणताही आदेश वाचताना चार प्रश्न विचारावेत : कर्ता कोण? मुदत किती? निकष कोणते? नकार मिळाल्यास दाद कोठे मागायची? ‘अनुज्ञेय’, ‘देय’, ‘विचाराधीन’, ‘निकषांच्या अधीन राहून’ हे शब्द आले की तेथे थांबावे आणि अर्थ निश्चित करूनच पुढे जावे.

• स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न २
‘हमीभाव’ आणि ‘रास्त व किफायतशीर दर’ या संज्ञांतील शब्दार्थ व कायदेशीर अर्थ यांची तुलना करा.

४.४ सारांश

शासन प्रथम सारा वसूल करणारे होते. पुढे ते दुष्काळात आधार देणारे, मग जमीन, पाणी, बियाणे व संस्था घडवणारे, नंतर भाव जाहीर करणारे झाले आणि आज काही ठिकाणी मागे सरणारे, तर काही ठिकाणी थेट खात्यात रक्कम घालणारे आहे. जुनी भूमिका पूर्णपणे संपून नवी येते असे घडले नाही. सातबाऱ्याच्या एकाच उताऱ्यावर या साऱ्या भूमिकांचे थर आढळतात. शेतकऱ्याची नावेही त्यानुसार बदलली : रयत, कूळ, सभासद, लाभार्थी. १८७५ मध्ये न वाचता आलेला कागद जाळावा लागला. आज तोच कागद वाचता येतो, त्यावर प्रश्न विचारता येतो आणि शेजाऱ्याला समजावून सांगता येतो. मराठीच्या पदवीधराकडून गावाने एवढी अपेक्षा ठेवणे रास्त आहे.

४.५ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या शेतीविषयक योजनेचे मराठी माहितीपत्रक मिळवा. त्यातील दहा पारिभाषिक संज्ञांची यादी करा. गावातील तीन शेतकऱ्यांना प्रत्येक संज्ञेचा अर्थ विचारा आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच बोलीत नोंदवा. नंतर पत्रकातील प्रत्यक्ष तरतुदीशी त्याची तुलना करा. जेथे अंतर आढळेल, तेथे ती संज्ञा कोणत्या सोप्या मराठी शब्दांत मांडता येईल, हे सुचवा. शेवटी पत्रकातील कर्ता नसलेली वाक्ये निवडून ती कर्त्यासह पुन्हा लिहा.